बीपीची गोळी

अकराव्या वर्षापासून मी इन्सुलिन घेतोय. यंदा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रेशो ४८ आला, तोही दुसऱ्यांदा. ३० च्या आत हवा. किडनी दुखत नाही, हीच तिची खोड. आमचे सर्व्हर निदान बोंबलतात तरी.

रक्तदाब नॉर्मल असून डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. एसीई हे एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं रसायन बनवतं, त्याने किडनीच्या गाळणीवर दाब वाढतो. गोळी त्या एन्झाइमला अडवते. टाइप वनमध्ये अशा औषधाने किडनीची घसरण मंदावते, हे १९९३ सालीच दिसलं होतं.

"कसली रे गोळी?" आईने विचारलं.

"बीपीची."

शब्द खरा. पण खरं बोलूनही फसवता येतं. तिची झोप वाचवली म्हणतो. वाचवले ते माझेच कान, तिच्या प्रश्नांपासून.

दुसऱ्या दिवसापासून घरात सगळ्यांचीच भाजी अळणी.