हौदा वाढतो तेव्हा

अमेरिकेत गेल्या काही दशकांत पिकअपचा हौदा आखूड होत गेला आणि केबिन लांबत गेली. दोन दारांच्या जुन्या गाड्यांना ८ फुटांचा हौदा सर्रास असे. आज रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक चार दारांच्या. मागच्या सीटवर मुलं, दप्तरं, बेबी सीट, आणि हौदा साडेपाच फुटांचा. मला या बदलाचं वाईट वाटत नाही. केवळ मालाची असलेली गाडी घरच्यांचीही झाली, आणि घरच्यांना जागा द्यायची तर ती कुठून तरी घ्यावीच लागते. फक्त प्लायवुडच्या तक्त्याला याची खबर नाही. तो तेव्हाही ४ बाय ८ चा होता आणि आजही तेवढाच आहे. मोठ्या पिकअपमध्ये चाकांच्या कमानींमधून तो रुंदीला सपाट बसतो; अडतं ते लांबीला.

त्यासाठी एक्स्टेंडर मिळतो: अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, यू आकाराचा कठडा. हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, कठडा त्यावर बाहेरच्या बाजूला उलटवायचा, की हौदा जवळजवळ दोन फुटांनी वाढतो. फाळका लावून कठडा आत उलटवला, तर किराण्याच्या पिशव्या त्याच्या आतच राहतात, हौदाभर घरंगळत नाहीत. वस्तू साधी आहे, आणि बसवायला एखादी सकाळ पुरते.

आपल्याकडे गाडीचं असं काम मिस्त्रीच्या हवाली करायची रीत आहे. इथे अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून माणसं स्वतः पाना हातात घेतात. पैसे वाचतात हे खरं, पण मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. स्वतः बसवलेल्या वस्तूचा भार नेमका कशावर उभा आहे, हे आपल्याला कळलेलं असतं.

काही गाड्यांना कंपनीच्याच बोल्टांवर कठड्याचा कब्जा बसतो. नाहीतर हौद्याच्या भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि तिथे हात थबकतो. थबकावाच. चांगल्या पत्र्यावर पाडलेलं भोक परत घेता येत नाही. आधी कठडा नुसता धरून पाहायचा, फाळका लावून आणि पाडून, दोन्ही वेळा. कुठे घासत नाही ना, याची खात्री करायची. मग पत्र्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीची फुली, फुलीवर सेंटर पंचचा एक ठोका, म्हणजे ड्रिल सरकत नाही. हौद्याची भिंत दुहेरी असते. आतला पत्रा हौद्याचा, बाहेरचा रंगवलेला, जगाला दिसणारा. ड्रिल आतून घुसलं आणि हात आवरला नाही, तर ते बाहेर डोकावणार. म्हणून बिटालाही चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करून ठेवायची. मधल्या पोकळीत मागच्या दिव्याच्या वायरी असतात. बऱ्याच गाड्यांत तो दिवा काढला की आत हात जातो, वायरी बाजूला घेता येतात आणि नटही तिथूनच धरता येतो.

भोक पडलं की लगेच बोल्ट घालावासा वाटतो, पण मधलं एक काम बाहेरून कधीच दिसत नाही आणि सगळं टिकणं त्याच्यावर असतं. धातूचा कीस एकूण एक झाडून काढायचा, भोकाच्या उघड्या कडेला रंगाचा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. लोखंडी पत्र्याची उघडी कड त्या खाऱ्या पाण्यात गंजायला लागते. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिथे तांबडा गंज येत नाही, पण पोलादी बोल्ट पत्र्याला थेट टेकला तर त्या जागी पांढरी भुकटी धरते, पत्रा आतून खाल्ला जातो. मध्ये एक नायलॉनचा वायसर घातला की दोन धातू एकमेकांना भिडत नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लहान लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीने किती वजन वाहावं, तो आकडा त्यावर छापलेला असतो. मागच्या सीटवरची मुलंही त्याच आकड्यात. एक्स्टेंडर बसवल्याने तो एका किलोनेही वाढत नाही. वाढते ती जागा. पेलण्याची ताकद होती तेवढीच राहते. मोकळी जागा दिसली की ती भरायचा मोह होतो, आणि वाढलेली जागा तर सगळी मागच्या चाकांच्याही मागे असते. तिथे ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलायला बघतं. स्टीअरिंग हलकं लागतं, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर चढतो. पाडलेला फाळका तर दोन बाजूंच्या दोन तारांवर तोललेला असतो. म्हणून जड ते केबिनला टेकवून आणि मागे हलकं.

फाळका पाडला की आणखी एक गोष्ट होते. मागचं दाखवणारा कॅमेरा बहुधा फाळक्यावरच असतो. मे २०१८ पासून इथल्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, आणि त्याची सवय आपल्याला फार लवकर लागली. फाळका पाडताच तो जमिनीकडे बघू लागतो. गाडी नेहमीपेक्षा लांब असते नेमकी तेव्हाच मागचं दिसेनासं होतं. मागे येणाऱ्याला आपली वाढलेली लांबी ठाऊक नसते, ती सांगायचं काम आपलं. अनेक राज्यांत ४ फुटांहून जास्त बाहेर आलेल्या मालाला लाल फडकं कायद्यानेच बांधावं लागतं. माझ्या मते एक फूटभर बाहेर आलं तरी बांधावं. फडक्याला पैसे पडत नाहीत, आणि मागच्या गाडीतही कुणाची तरी मुलं बसलेली असतात.

शनिवारी मंडळाच्या गणपतीच्या मखरासाठी प्लायवुड आणायचं आहे. नवे बोल्ट पहिल्या काही फेऱ्यांच्या हादऱ्यांनी थोडे सैल पडतात, तेव्हा निघण्याआधी ते सगळे पुन्हा एकदा आवळून घेईन. आणि माल बांधायचे पट्टे दोन जास्तीचे घेईन, कारण रंगाचे डबेही आणायला सांगितले आहेत.