बोटीच्या निवृत्तीचा विचार

चि. मुक्तास,


अणुपाणबुडीच्या आराखड्याच्या कामावर रुजू होते आहेस, हे वाचून ऊर भरून आला. इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला तुझा काका म्हणून एकच सांगतो. बोटीचा वेग, खोली आणि आवाज यांची काळजी करणारे तिथे पुष्कळ भेटतील. तू तिच्या निवृत्तीची काळजी पहिल्या दिवसापासून कर.

आपल्याला ती सवय लागलेली नाही. भाड्याने घेतलेली पहिली अणुबोट, चक्र, 1988 मध्ये आली, 1991 मध्ये परत गेली. दुसरी 2012 मध्ये दाखल झाली, 2021 मध्ये गेली. अणुबोट चालवायला आपण त्यांच्यावर शिकलो, ते ऋण मोठं आहे. पण छपराची चिंता भाडेकरूला नसते. दोन्ही वेळा म्हातारी बोट मालकाच्या दारात गेली. अरिहंत ही अणुबोट आपली, पण ती सेवेत आली 2016 मध्ये; तिच्या निवृत्तीची वेळ अजून यायची आहे. 2024 मध्ये मंजूर झालेल्या दोन अटॅक सबमरीनही आपल्याच असणार, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत.

ब्रिटनची ड्रेडनॉट ही अणुबोट बघ. 1963 ते 1980 एवढीच तिची सेवा. इंधन काढलं, पण त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ ती रोसाइथच्या गोदीत बांधून ठेवलेली आहे. पूर्ण मोडायला घेतलेली त्यांची पहिली अणुपाणबुडी म्हणजे स्विफ्टशुअर, आणि तीही आत्ता आत्ता. अमेरिकेने वेळेवर सोय केली: अणुभट्टीचा कप्पा कापून, दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करून, बार्जवरून कोलंबिया नदीने हॅनफर्डला नेतात आणि तिथल्या मोठ्या चरात ठेवतात. तरी त्यांचीही बॅटन रूज ही 1977 ची बोट 1995 मध्येच निवृत्त झाली. नवं इंधन भरण्याचा खर्च त्यांनी टाळला. बोटीचं पोलादी अंग अजून धडधाकट असतानाही आयुष्य असं संपतं.

म्हणून इंधन किती वर्षांचं आणि ते बाहेर काढायची वाट कुठून, हे आधी विचार. फ्रेंचांनी त्यासाठी बोटीच्या अंगातच मोठी झाकणं ठेवली. त्यांचं इंधन कमी समृद्ध, ते लवकर बदलावं लागतं. त्यांनी ते मान्य करूनच बोट आखली. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

आणि व्हॉल्व्हकडे लक्ष दे. व्हॉल्व्हची सीट झिजू नये म्हणून तिच्यावर स्टेलाइट हा मिश्रधातू चढवतात. त्यात कोबाल्ट भरपूर असतं. झिजलेले सूक्ष्म कण पाण्याबरोबर अणुभट्टीत जातात, कोबाल्ट-60 होऊन बाहेर येतात आणि पाइपच्या वळणांत चिकटून बसतात. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. पुढे दुरुस्तीच्या किंवा बोट मोडण्याच्या वेळी त्या पाइपजवळ स्पॅनर घेऊन पालथा पडणारा फिटर तो किरणोत्सर्ग अंगावर घेतो. प्रायमरी सर्किटमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हबद्दल विचार: इथे कोबाल्टशिवाय भागेल का? नाही म्हणाले, तर कारण लेखी माग.

विशाखापट्टणमला पोचलीस की कळव. काकूने डिंकाचे लाडू पाठवले आहेत.

तुझा,
काका