चौथ्या पसंतीची तळमळ

राज्यसेवेची परीक्षा एक, पदं अनेक. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक राज्यकर आयुक्त, गटविकास अधिकारी, तहसीलदार, नगरपालिकेचा मुख्याधिकारी, कक्ष अधिकारी. उमेदवार या पदांचा पसंतीक्रम लोकसेवा आयोगाला कळवतो. पुढे गुणवत्ता यादीत तो कुठे लागला आणि त्याच्या प्रवर्गात जागा किती, यावर त्याचं पद ठरतं. कर वसूल करायचा, गुन्ह्यांचा तपास करायचा की घरकुलांच्या याद्या तपासायच्या, याचा निकाल पुष्कळदा दोन-तीन गुणांच्या फरकाने लागतो. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना हे पक्कं ठाऊक असतं. तरी प्रश्न येतोच: अभियंता झालात, कंपनीत चांगलं चाललं होतं, मग प्रशासनातच का यायचंय? आणि समोरचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा पाळण्यापासून हीच ओढ असल्यासारखं उत्तर देतो. पद चौथ्या पसंतीचं मिळणार असलं तरी तळमळ पहिल्या पसंतीचीच दाखवायची.

प्रश्न निरुपयोगी आहे, एवढंच म्हणून हा विषय सोडून देता आला असता. मला तो त्याहून वाईट वाटतो. नोकरीची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच तो खोटं बोलायला लावतो, आणि मग ते खोटं किती सफाईने बोललं यावर गुण देतो.

ही सफाई विकत मिळते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सच्या दुकानांइतकाच ‘मॉक’चा, म्हणजे सराव-मुलाखतींचा धंदाही रुजला आहे. मुख्य परीक्षेचा निकाल लागला की निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, नुकतेच निवड झालेले ‘सर’ यांची पॅनलं बसतात आणि उत्तरं घासूनपुसून घेतली जातात. ‘समाजसेवा’ हा शब्द टाळा, कारण लगेच उलटा प्रश्न येतो की मग स्वयंसेवी संस्थेत का गेला नाहीत. ‘व्यापक व्यासपीठ’ म्हणा. ‘कामातलं वैविध्य’ म्हणा. ‘ग्रामीण भागातून आल्यामुळे शेतकऱ्यांच्या समस्या जवळून पाहिल्या आहेत’ हे वाक्य तर इतकं वापरून झालंय की ते ऐकून पॅनलवरचा माणूस पाण्याचा पेला उचलतो. वाक्य अनेकदा खरंच असतं. पण खरी गोष्टही शंभर तोंडांतून एकाच चालीवर आली की खोटी वाटायला लागते, आणि ज्याने खरोखर टँकरमागे कळशी घेऊन धावाधाव केली आहे त्याचा अनुभव घोटीव उत्तरांच्या ढिगात कुठेतरी दडपून जातो.

पगार मात्र कुणाच्याच उत्तरात नसतो. पगार, निवृत्तिवेतन, बदली झाली तरी न जाणारी नोकरी, लग्नाच्या बाजारात वधारणारा भाव: मेसच्या टेबलावर रोज चर्चा होणारी ही सगळी कारणं मुलाखतीच्या दारापाशी चपलांसारखी काढून ठेवायची असतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही असंच चालायचं. देण्याघेण्याचं आतल्या खोलीत ठरलेलं असायचं आणि बाहेर मुलीला विचारलं जायचं, छंद काय? तिथे निदान विचारणाऱ्याला छंदांशी काही कर्तव्य नव्हतं. इथे छंदांना गुण आहेत.

गंमत म्हणजे हीच लाज एकदा नेमणूक झाली की उरत नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले तेव्हा घोषणा होती ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ही तक्रार होती. ती कुणाला पटो न पटो, कर्मचाऱ्याने म्हातारपणाची तरतूद मागावी यात कुणाला अनैतिक काही दिसलं नाही. सरकारनेही वाटाघाटी केल्या. मग सेवेत शिरल्यावर जी मागणी रस्त्यावर उभं राहून करता येते, तीच शिरण्यापूर्वी बंद खोलीत नुसती बोलून दाखवली तर माणूस सेवेला नालायक कसा ठरतो? वेतन आयोग सगळ्यांना चालतो, वेतनाची इच्छा चालत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं की, पैसा तर सगळ्यांनाच हवा असतो. आम्हाला त्यापलीकडचं काय आहे ते बघायचं असतं. ठीक आहे, पण ते दिसतं का? वरकमाईसाठी खुर्ची हवी असलेला उमेदवार तसं सांगणार नाही. तो लोककल्याणाबद्दल इतरांपेक्षा चांगलंच बोलेल, कारण त्याला बोलण्याची किंमत कळते. मुलाखती पुढच्या कामगिरीचा अंदाज कितपत देतात यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच संशोधन केलं आहे. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी अनेक दशकांच्या अभ्यासांची एकत्र पाहणी केली. सुचेल तसे प्रश्न विचारण्याच्या मुलाखतीसाठी त्यांनी काढलेला सहसंबंध ०.३८ होता, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत अंदाज. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा तपासला तेव्हा आकडा ०.१९ वर आला. कामाशी बांधलेले, सगळ्यांना सारखेच आणि आधी ठरवलेल्या निकषांवर तपासलेले प्रश्न विचारले तर मात्र ०.४२. ‘का यायचंय’ हा प्रश्न बहुतेकदा पहिल्या जातीचा.

आपल्या न्यायालयांना ही शंका फार आधी आली होती. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजय हासिया खटला. लेखी परीक्षेला १०० गुण, तोंडीला ५०, आणि ती तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांची. प्रश्न आईवडिलांविषयी आणि राहण्याच्या ठिकाणाविषयी. १९८० च्या निकालात न्यायालयाने तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानीचं ठरवलं आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. पुढे हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या खटल्यात, १९८५ मध्ये, सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही मर्यादा १२.२ टक्क्यांवर आणली गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत. एकेका गुणावर सेवा बदलते तिथे हे वजन थोडं नाही.

मुलाखतीवर सर्वांत मोठा अविश्वास खुद्द सरकारनेच दाखवला. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी छोट्या पदांच्या मुलाखतींवर बोट ठेवलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ‘क’ आणि बिगर-राजपत्रित गट ‘ब’ पदांसाठीच्या मुलाखती बंद झाल्या. कारण साधं होतं: मुलाखत म्हटली की वशिला आला. निर्णय योग्यच होता. पण मुलाखत फक्त वरच्या पदांना उरली की एक विचित्र चित्र उभं राहतं. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. खुल्या वर्गाला शुल्क १,००० रुपये, परीक्षा २०० गुणांची, मुलाखत नाही. ज्या माणसाशी गावकऱ्याचा सातबाऱ्यासाठी रोजचा संबंध येतो, त्याला ‘तुला हे काम का करायचंय’ असं शासनाने एकदाही विचारलं नाही. त्याच्या वरच्या तहसीलदाराला मात्र विचारलं. तळमळ ही राजपत्रित वस्तू आहे, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

खासगी क्षेत्रातही हा प्रश्न अगदी मधल्या पट्टीत राहतो. सकाळी मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या गवंड्याला ठेकेदार विचारतो, ‘किती घेणार?’ गवंडी आकडा सांगतो, घासाघीस होते, दोघं टेम्पोत बसतात. दुसऱ्या टोकाला, एखाद्या बड्या अधिकाऱ्याला दुसऱ्या कंपनीतून फोडून आणायचं असतं तेव्हा कंपनीच त्याला पटवते की आमच्याकडे का यावं. प्रेमाची कबुली मागितली जाते ती मधल्या माणसाकडे: कॅम्पसला येईल त्या कंपनीला बसणाऱ्या मुलीकडे, बँकेच्या काउंटरवर बसू पाहणाऱ्या पदवीधराकडे, कॉल सेंटरच्या उमेदवाराकडे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदऱ्यांच्या नोकरीवर पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की तिथे हसू हाही विकल्या जाणाऱ्या श्रमाचाच भाग असतो. आपल्याकडे हे श्रम नेमणुकीच्या आधीच, आणि फुकट, सुरू होतात.

ज्यांच्या घरी ही भाषा बोलली जाते त्यांना त्याचा त्रास नाही. वडील अधिकारी, आई प्राध्यापिका असलेल्या मुलाला ‘धोरणनिर्मितीत रस’ हे शब्द जेवणाच्या टेबलावरच मिळालेले असतात. कोरडवाहू शेतीवर शिकलेल्या मुलाला ते दोन महिन्यांत पाठ करावे लागतात आणि तोंडाला कोरड पडते. दोघांपैकी एक सहज बोलला आणि दुसरा अडखळला तर पॅनलच्या मनात ‘व्यक्तिमत्त्वा’ची नोंद होते. पुण्यात २०२१ साली, मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन रखडलेल्या मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने आत्महत्या केली, तेव्हा राज्य हादरलं होतं. त्याच्यासारख्या वाट पाहणाऱ्यांना नोकरी का हवी, हे विचारण्याची गरज होती का? जाहिरात, पूर्व, मुख्य, न्यायालयातली स्थगिती, पुन्हा निकाल, या सगळ्यांत टिकून राहणं हेच पुरेसं उत्तर आहे.

तरीही एक कारण असं आहे की ते मोकळेपणाने मांडता आलं तर मला ऐकायला आवडेल. ते म्हणजे सत्ता. तहसील कचेरीत ज्याचा बाप हातात टोपी घेऊन दिवसभर उभा राहिला, त्या मुलाला टेबलाच्या पलीकडे बसावंसं वाटतं. यात सेवाभाव असेल, सूडही असेल, आणि गावात ‘साहेब’ म्हणवून घेण्याची हौस तर नक्की असेल. पण महाराष्ट्रात या इच्छेला दीडशे वर्षांचा वैचारिक पाया आहे. सरकारी खात्यांत एकाच जातीचे कामगार भरल्यामुळे शूद्र शेतकरी कसा नागवला जातो, हे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खातंवार दाखवलं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. त्या आदेशामागे नोकरी म्हणजे पोट, शिक्षणाची प्रेरणा आणि कारभारातला वाटा, तिन्ही होतं. आमच्यातलं त्या खुर्चीवर आजवर कुणी बसलं नाही, म्हणून मला बसायचंय: हे उत्तर ‘व्यापक व्यासपीठा’पेक्षा कितीतरी खरं आहे, आणि त्यातून पुढचे चांगले प्रश्नही निघतात. बसल्यावर समोर उभ्या असलेल्याला खुर्ची देणार का? तुमच्याच भावकीतला माणूस बांध कोरून तुमच्याकडे आला तर? मॉकमध्ये मात्र हे उत्तर पहिल्याच दिवशी खोडलं जातं. ‘फार आक्रमक वाटतं,’ म्हणतात.

हेतू विचारूच नये, असं माझं म्हणणं नाही. हेतू सरळ विचारून हाती लागत नाही, एवढंच. तो कामाच्या तपशिलातून बाहेर येतो. गटविकास अधिकारी व्हायला निघालेल्याला विचारावं: पंचायत समितीच्या सभापतींनी अपात्र माणसाचं नाव घरकुलाच्या यादीत घालायला सांगितलं, काय कराल? या नोकरीत तुम्हाला सर्वांत कंटाळवाणं काय वाटेल? टंचाईच्या काळात टँकरच्या फेऱ्या खऱ्याच झाल्या हे कसं तपासाल? ज्याला खुर्चीपलीकडचं काम माहीतच नाही तो इथे अडेल. ज्याने बाहेरून का होईना ते काम पाहिलंय, त्याची जीभ जड असली तरी उत्तराला वजन येईल. पगारासाठी आलेला माणूसही ही उत्तरं उत्तम देऊ शकतो. पगारासाठी येऊन आयुष्यभर चोख काम केलेले लोक प्रत्येक कचेरीत सापडतात, आणि कचेऱ्या चालतात त्या बहुतांशी त्यांच्यावरच.

उमेदवाराने काय करावं, हा वेगळा प्रश्न. खरं सगळं बोलून नोकरी गमवा, असा सल्ला घरचं भागत असलेल्या माणसाने दुसऱ्याला देऊ नये. पण दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. गरज लपवण्याऐवजी तिच्या शेजारी कामाची माहिती ठेवता येते: मला स्थिर उत्पन्न हवंय, आणि उपलब्ध नोकऱ्यांत या कामाचा हा भाग मला जमेल असं वाटतं, कारण मी तो असा असा पाहिला आहे. दुसरी गोष्ट, खासगी कंपन्यांत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात, तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठू नये. ही जागा रिकामी का झाली, आधीचा माणूस किती दिवस टिकला आणि का गेला, हे नम्रपणे विचारावं. पाच मिनिटांपूर्वी निष्ठेबद्दल विचारणारे पुष्कळदा इथे एकमेकांकडे पाहतात, आणि मग ‘वैयक्तिक कारणं’ असं काहीतरी सांगतात.