यात्रेचे कष्ट कोणाच्या वाट्याला?

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी या मार्गाने श्रीसप्तशृंग गडाचे अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. सकाळी न्याहारी करून शहरातून निघालेला भाविक मध्यान्हापूर्वी श्रीभगवतीच्या चरणी पोहोचतो आणि दिवेलागणीस घरी परततो. 2018 साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून गडावरील सुमारे 500 पायऱ्यांचा चढही काही मिनिटांत संपतो. दुसरीकडे, चैत्रोत्सवासाठी खानदेशातून निघालेले पदयात्री कित्येक दिवस रणरणत्या उन्हातून चालत येत असतात. मातेचे दर्शन दोघांनाही एकच घडते. मग दोघांचे पुण्यही एकच मानावे काय? कष्ट हाच यात्रेचा प्राण असेल, तर वाहनाने येणारा स्वतःचीच फसवणूक करतो. कष्टाला मोल नसेल, तर अनवाणी पायांवरील ते फोड व्यर्थ ठरतात.

शास्त्रकारांपुढेही हा प्रश्न होता. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना असे प्रतिपादन केले आहे की, यज्ञासाठी विपुल द्रव्य व साधनसामग्री लागते, ती दरिद्री मनुष्याजवळ नसते. तीर्थयात्रा मात्र त्यालाही साध्य आहे. म्हणजे सुलभता हे तीर्थाचे वैगुण्य नसून त्याचे प्रयोजनच होय. याउलट मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य वाहनाच्या बाबतीत कठोर आहे. ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपायी वाहनातून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते आणि बैलावर आरूढ होऊन जाणारा नरकास जातो, असे तेथे सांगितले आहे. कारण गोवंशाचा कोप दारुण असतो. हे वचन केवळ पायी चालण्याचा आग्रह म्हणून वाचणे अपुरे आहे. त्यात दोन निरनिराळे दोष दाखविले आहेत. एक श्रीमंतीचा तोरा. दुसरा अधिक सूक्ष्म आहे : यात्रिकाचे कष्ट नाहीसे झालेले नाहीत, ते मुक्या जनावराच्या खांद्यावर गेले आहेत.

बैल गेले, मोटारी आल्या, म्हणून हा दुसरा दोष संपला असे म्हणता येत नाही. एका रात्रीत तीन देवस्थाने उरकण्याच्या बेताने निघालेल्या मंडळींत सर्वजण आलटून पालटून झोप घेतात; चालक मात्र अखंड जागा असतो. नांदुरीपासूनचा घाट सुमारे 10 किलोमीटरचा, वळणावळणांचा. जानेवारी 2008 मध्ये याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून अनेकांचे प्राण गेले. चालकाला जेवू घालणे, दोन तास निजू देणे, रात्री घाट उतरण्याचा हट्ट न धरणे, ही कामे पूजेच्या यादीत कोठेच नसतात. वास्तविक ती नारळ-खणाच्या आधी यावीत.

ट्रॉलीविषयी मात्र काही वयस्क भाविकांच्या मनात उगाच संकोच दिसतो. पूर्वी गुडघ्यांनी साथ सोडलेली सासुरवाशीण माहेरच्या कुलस्वामिनीला पायथ्यावरूनच हात जोडून परतत असे. तिला आज मातेसमोर उभे राहता येते, हे वनपर्वातील त्या विचाराला धरूनच आहे. धडधाकट तरुणाने पायऱ्या चढाव्यात की नाही, हे त्याने स्वतःशी ठरवावे. परंतु रांगेत आजीबाईंच्या पुढे घुसून मिळविलेली जागा ही सोय नव्हे. पायी आलेल्यालाही एक धोका आहेच. चालण्याचा अभिमान धरून इतरांच्या भक्तीचे मोजमाप करू लागला, की तोही त्या पहिल्या दोषापाशी येऊन थांबतो.

ज्या रस्त्याने भाविक वर येतात, त्याच भागातील रस्त्यांनी माणसे खाली उतरतही असतात. शारदीय नवरात्राच्या सुमारास दिंडोरी व निफाडकडे द्राक्षबागांच्या छाटणीची घाई असते. सुरगाणा, पेठ, कळवण या डोंगराळ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे तेव्हा बिऱ्हाड बांधून मजुरीसाठी बागांकडे निघतात. मोटारीतून वर येणाऱ्यास डोंगर प्रसन्न वाटतो, हवा शुद्ध वाटते. जीपमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्या मजुरांना त्याच डोंगरात बारमाही काम नसते. तीर्थाच्या गावी पाहुणा म्हणून आलेल्याने घरच्या माणसांची विचारपूस करणे हा साधा शिष्टाचार आहे. प्लास्टिकच्या बाटल्या येथे टाकून शहरात परतणारा ती विचारपूस नेमकी उलट्या रीतीने करतो.

श्रीभगवतीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी करीत असलेले स्तवन ती ऐकत आहे, अशी परंपरागत श्रद्धा आहे. मधे एवढी खोल दरी असून तिला ते ऐकू येते. तेव्हा जवळ येण्याची गरज मातेला नाही, भाविकाला आहे. आणि वाटेत तो कोणाशी कसा वागला, हेही तिला दरीपलीकडून ऐकू येत असणार, असे मानण्यास हरकत नसावी.

नवरात्र व चैत्रोत्सवाच्या गर्दीत खाजगी वाहने नांदुरी येथे थांबवून पुढे एसटीच्या बसने जाण्याची व्यवस्था असते. त्याबद्दल पुष्कळांची नाराजी असते, कारण मोटार असूनही रांगेत उभे राहावे लागते. मग बस येते. बागाईतदार, त्याच्या बागेत काम करणारा मजूर आणि धुळ्याहून चालत आलेली म्हातारी एकाच बाकावर टेकतात, आणि घाट सुरू होतो.