जागा बदलते, काम उरतं

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या एका कारखान्यात शिकाऊ आणि कंत्राटी मुलांचा प्रशिक्षणवर्ग नुकताच ऐकला. पडद्यावर गोल्डन स्टेट वॉरियर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा खेळ चालू होता. प्रशिक्षक सांगत होते: आता गार्ड नाही, फॉरवर्ड नाही, सेंटर नाही, प्रत्येकजण सगळं करतो, तुम्हीही तसेच व्हा. त्याच कारखान्यात असेंब्लीवरच्या मुलांना ऐनवेळी वेल्डिंगला उभं केलं जात होतं. बास्केटबॉलमधल्या जागांचा इतिहास अशा कामाला जुंपलेला पाहून राग येतो, कारण तो इतिहास नेमकं याच्या उलट सांगतो.

सुरुवातीबद्दल वाद नाही. बास्केटबॉलचा जनक नेस्मिथच्या १८९१च्या वर्गात अठरा मुलं होती, म्हणून प्रत्येक बाजूला नऊ. पुढचे, मधले, मागचे एवढीच वाटणी. काही वर्षांत पाच खेळाडू ठरले आणि उंची निर्णायक झाली. जॉर्ज मायकन या उंच सेंटरला आवरायला १९५१मध्ये रिंगखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट करावा लागला, चेंबरलेन या त्याहून उंच सेंटरच्या काळात तो सोळा फूट झाला. सर्वांत उंच तो सेंटर, सर्वांत ठेंगणा तो पॉइंट गार्ड, हे इतकं पक्कं झालं की जागांना एक ते पाच आकडेच पडले.

पुढच्या वळणाची कथा मात्र बहुतेकजण चुकीची सांगतात. मे १९८०, अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, फिलाडेल्फिया. घोटा दुखावल्यामुळे लेकर्सचा सेंटर अब्दुल-जब्बार नाही. वीस वर्षांचा पॉइंट गार्ड मॅजिक जॉन्सन सेंटर म्हणून सुरुवात करतो आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट घेऊन लेकर्सना विजेतेपद मिळवून देतो. तेव्हापासून सांगितलं जातं की हुशार माणूस कुठेही उभा राहू शकतो. पण त्या रात्री रिंगखाली धिप्पाड डॅरिल डॉकिन्सला अंगावर घेणारा जिम चोन्स होता. जमाल विल्क्सने ३७ गुण केले. जब्बारचं काम नाहीसं झालं नव्हतं; ते तिघा-चौघांनी समजून-उमजून वाटून घेतलं होतं. आणि जॉन्सन काही आदल्या दिवशी चेंडू खेळवायला शिकला नव्हता. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा मुलगा शाळेपासून गार्डचं काम करत आला होता.

वॉरियर्सच्या बाबतीतही हेच. त्यांच्या खेळामागे नियमांचा लांब हात आहे: १९७९ची तीन गुणांची रेषा, २००१मध्ये झोन बचावाला मिळालेली परवानगी, २००४पासून चेंडूवाल्याला हाताने अडवण्यावर आलेली कडक बंदी. मैदान पसरलं, केवळ उंचीचा भाव उतरला. २०१५च्या अंतिम मालिकेत २-१ असे मागे असताना प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाने सुरुवात केली, आणि उंचीने बेताचा ड्रेमंड ग्रीन सेंटरच्या जागी आला. रिंग राखणं, स्क्रीन लावणं, मागून ओरडून बचाव हलवणं ही सेंटरची सगळी कामं ग्रीनने केली. विद्यापीठात चार वर्षं खेळून, बचावाचा एकेक कोन पाठ करून तो तिथवर आला होता. जागा उंचीपासून सुटली आणि ज्ञानाला बांधली गेली, असं मी या बदलाकडे पाहतो.

भोसरी-पिंपरीच्या मैदानांवर कबड्डी बघणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रो कबड्डीत मोहम्मदरझा शादलूई पुणेरी पलटणसाठी डाव्या कोपऱ्यात बचावाला उभा राहिला आणि २०२४च्या विजेतेपदाच्या हंगामात पकडींच्या गुणांत पहिला आला. पुढच्या हंगामात हरियाणा स्टीलर्सकडून तो चढायाही अधिक करू लागला, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम सामना याच परिसरातल्या बालेवाडीत झाला. आधी कोपरा, मग चढाई, हा क्रम महत्त्वाचा. तो चढाईला गेल्यावर बाद झाला तर कोपरा कोण धरणार, हे मागच्या सहाजणांना ठाऊक असावं लागतं.

कारखान्यालाही हा इतिहास परका नाही. ताइची ओनो या अभियंत्याने टोयोटात एका कामगाराकडे दोन, मग तीन-चार यंत्रं दिली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. कामगारांनी आधी कडवा विरोध केला. १९५०च्या मोठ्या कामगार-संघर्षानंतर नोकरी टिकण्याची खात्री मिळाली, तेव्हा ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली. आज चाकणच्या लाइनवर कौशल्याचा तक्ता लटकतो: वर्तुळाचा एक पाव भरला म्हणजे शिकतोय, तीन भरले म्हणजे एकटा करतो, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. एक पाव भरलेल्या मुलाला रात्रपाळीत अनोळखी यंत्रासमोर एकटं उभं करायचं आणि त्याला आधुनिक खेळ म्हणायचं, यात त्याच्या बोटांना धोका आहे आणि बाहेर पडणाऱ्या गाडीलाही. अकरा महिन्यांनी करार संपणार असेल तर चौथा पाव भरणार कधी?

२०१५चं विजेतेपद मिळाल्यावर महिन्याभरातच वॉरियर्सनी ग्रीनशी पाच वर्षांचा, सुमारे ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. चार पाव भरलेल्या कामगाराची वेतनश्रेणी आणि नोकरीची मुदत याच न्यायाने ठरली पाहिजे, आणि तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात ती लिहिलेलीही दिसली पाहिजे.