जिवंत परतलेल्यांसाठी कोणते गीत?



१४ जानेवारी हा दिवस आपल्या देशात माजी सैनिकांसाठी पाळला जातो. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली याच दिवशी सेवानिवृत्त झाले. या दिवसाच्या जवळच्या रविवारी माजी सैनिकांसाठी मिस्सा अर्पण करायची म्हटली की गायकमंडळापुढे प्रश्न येतो : गीत कोणते घ्यायचे? प्रश्न साधा दिसतो, पण गीत निवडताना आपण त्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो हेही ठरत असते.

धरमतर खाडीकाठच्या आपल्या मुलखाला फौज परकी नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, फौजी आंबवडे आहे. त्या गावाने पिढ्यानपिढ्या सैन्यात मुले पाठवली.

सर्वांच्या ओठी प्रथम येते ते 'ऐ मेरे वतन के लोगों'. कवी प्रदीप यांचे हे गीत लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायले, ते १९६२ च्या चीन युद्धात पडलेल्यांसाठी. दुसरे आठवते ते 'अबाइड विथ मी', अँग्लिकन धर्मगुरू हेन्री लाइट यांचे आणि गांधीजींच्या आवडीचे. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात ते कित्येक वर्षे वाजत असे. २०२२ साली ते वगळले गेले आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' वाजले. अनेक ख्रिस्ती मने तेव्हा हळहळली. परंतु दोन्ही गीते शांतपणे ऐकली तर काय जाणवते? एक मृत्यूच्या छायेतली प्रार्थना आहे, दुसरे मृतांचे स्मरण. मग जो जिवंत परतला आणि आज आपल्या शेजारच्या बाकावर बसला आहे, त्याचे काय?

अलीकडच्या युद्धांतील सैनिकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोचतो. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान धारातीर्थी पडले. जखमी झाले तेराशेहून अधिक. त्या युद्धाला निदान सत्कार आणि गाणी लाभली. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेने सुमारे बाराशे जवान गमावले. ती परतली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेत मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? युद्ध लोकप्रिय असो वा नसो, सैनिकाने भोगलेले सारखेच असते.

कोणी म्हणेल, वीरश्रीचे गीत घ्या. शौर्याचे कौतुक करण्यात गैर काही नाही. शाळेच्या मैदानावर ते शोभते. पण वेदीसमोर आपण विजयाचे ढोल वाजवायला जमत नाही. ज्याने मित्राला डोळ्यांदेखत गमावले, कदाचित स्वतःच्या हातून कोणाचा जीव गेलेला पाहिला, त्याला त्या ढोलांत आपले दुःख लपवावे लागते. तो आपला मान ठेवून गप्प बसतो, आणि आपल्याला वाटते सत्कार झाला.

बंधुभगिनींनो, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण प्रत्येक मिस्सामध्ये जे नम्र शब्द उच्चारतो, ते मुळात एका सैनिकाचे आहेत. कफर्णहूमचा तो रोमी शताधिपती आपला पराक्रम सांगायला आला नव्हता. आजारी चाकरासाठी विनवायला आला होता. प्रभूने नवल केले ते त्याच्या विश्वासाचे, तलवारीचे नव्हे.

म्हणून गीत निवडताना एक कसोटी लावू या. हे गीत तो माजी सैनिक स्वतः आपल्याबरोबर मोकळ्या गळ्याने गाऊ शकेल का? आणि सीमेपलीकडची, मुलगा गमावलेली आई ते ऐकून प्रार्थनेत सामील होऊ शकेल का? स्तोत्र १३० या कसोटीला उतरते, शांतीसाठी केलेली साधी याचनाही उतरते. त्याहून सोपी वाट म्हणजे आधी त्यांनाच विचारावे, "काका, तुम्हाला कोणते गीत हवे?" उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. त्यांच्यासाठी गाण्याआधी त्यांचे ऐकून घेणे, हाही सन्मानच आहे.