अबोल्याची चौकट

‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ हे परभणीकर स्वतःच हसत हसत सांगतात. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. कितीतरी संसार याच बोलीवर उभे असतात. जमलेल्या संसाराचं कौतुक होतं आणि मोडलेल्याची चर्चा पार तालुक्यापर्यंत जाते. पण ना जमलेला ना मोडलेला असाही एक संसार असतो. ‘वाढू का?’ आणि ‘हं’ एवढ्यावर त्याचे दिवसच्या दिवस निघतात. त्याच्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, अबोला.

जपानी लोकांनी या अबोल्याच्या चित्रकथा केल्या. मांगा म्हटलं की आपल्याला शाळकरी पोरं आणि तलवारी आठवतात. पण तिथे चाळिशीकडे झुकलेल्या वाचकांसाठीही मांगा निघतात. पेको वातानाबे यांची ‘1122’ ही सात भागांची मांगा 2016 ते 2020 या काळात आली. 22 नोव्हेंबरचे हे आकडे जपानीत ‘ई फूफू’, म्हणजे ‘चांगलं जोडपं’, असे वाचता येतात. इचिको आणि ओतोया यांच्या लग्नाला सात वर्षं झालीत. भांडण नाही, मारहाण नाही, मूल नाही. शरीराचं नातं मात्र कधीच थांबलंय. पुष्परचनेच्या वर्गात भेटलेल्या एका लेकुरवाळ्या बाईशी ओतोयाचं जुळलंय, तेही इचिकोच्या संमतीने. कधीकाळी तिनेच त्याला झिडकारलं होतं. पुढे ती जवळ जाते, तेव्हा तो मागे सरतो.

खलनायक शोधणाऱ्या वाचकाची इथे पंचाईत होते. मांगाकडे एक हत्यार आहे, शब्द नसलेली चौकट. नुसता पाठमोरा माणूस किंवा नुसतं जेवणाचं टेबल. कादंबरीकाराला जिथे पानभर लिहावं लागेल, तिथे ही चौकट गप्प राहून काम भागवते.

कायद्याला ही चौकट कधी दिसलीच नाही. जपानच्या जुन्या कायद्यात नवऱ्याच्या तक्रारीवरून व्यभिचारी बायकोला आणि तिच्या प्रियकराला शिक्षा होई. कवी किताहारा हाकुशू यांना 1912 मध्ये शेजाऱ्याच्या बायकोपायी तुरुंगात जावं लागलं. ते कलम 1947 मध्ये गेलं. व्यभिचाराचं आपलं कलम 497 उलटं होतं: शिक्षा फक्त परपुरुषाला, पाच वर्षांपर्यंत. नवऱ्याची संमती असेल, किंवा त्याने कानाडोळा केला असेल, तर गुन्हाच नाही. बायकोच्या संमतीचा प्रश्नच नव्हता, कारण नवऱ्याविरुद्ध या कलमाखाली तक्रार करायची सोयच तिला नव्हती. म्हणजे इचिकोसारखी ‘परवानगी’ आपल्या कायद्यातही होती, फक्त देणारा नवरा होता! 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयात यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हे कलम उचलून धरलं. 27 सप्टेंबर 2018 रोजी ते रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही शिल्लक आहे. न्यायालय घटना विचारतं, तारीख विचारतं. त्याआधीच्या सात वर्षांचा पुरावा कोण कुठून आणणार?

मराठीत हे आधीचं दाखवायची हिंमत ‘उंबरठा’ने केली. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा 1982 चा चित्रपट. सुलभा महाजन महिला सुधारगृहाच्या नोकरीसाठी दूर जाते आणि परतते, तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते. तो ते स्वतःच सांगतो, तेही शांतपणे. त्या शांतपणाचा राग जास्त येतो. तरीही सुलभा वकिलाच्या घरातली, शिकलेली. तिला निघता आलं.

ज्यांना निघता आलं नाही, त्यांच्याकडे जातं होतं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळायला बसली की विठ्ठल खुंट्याला हात लावी, अशी कथा आहे. पुढच्या पिढ्यांतल्या बायका जनीचं नाव घेत दळत राहिल्या, सवतीबद्दल आणि परक्या झालेल्या घरधन्याबद्दल गात राहिल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या चमूने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा लाखभर ओव्या जमवल्या. ओवीही एक चौकटच. दोन ओळी, मग जात्याची घरघर, मग पुढची. समोर दुसरी बाई, नवरा झोपलेला. निकाल कुणीच मागत नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं हे बोलणं बंद झालं. दळण वाचलं याचा आनंद मोठा होता, त्यामुळे कुणी हळहळलंही नाही.

जपानी ‘चांगल्या जोडप्या’चा दिवस येतो, त्याच्या आसपास आपल्याकडे तुळशीचं लग्न असतं. जालंधराची पतिव्रता बायको वृंदा. विष्णूने तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन तिला फसवलं, नवरा मारला गेला, आणि तिची तुळस झाली. परभणीच्या अंगणात वृंदावनाला गेरू लागतो, उसाचा मांडव होतो, चिंचा-आवळे येतात. नवरा-बायको दोन बाजूंनी अंतरपाट धरतात, पोरं अक्षता टाकतात, आणि वृंदेचं लग्न दरवर्षी त्याच विष्णूशी लावलं जातं. अंतरपाटाची घडी घालताना दोघांची बोटं लागतात. मग तो फटाके आणायला जातो, ती चहा ठेवते.